एक्स-रे, हळद आणि कोल्हापूरचे ऊन

हॉजकिन्स लिम्फोमा या लसीका ग्रंथींच्या कर्करोगाचे निदान झाल्यापासून उपचार संपेपर्यंत माझ्या शरीराची जितकी चित्रे निघाली, तितकी त्याआधीच्या चौपन्न वर्षांत निघाली नव्हती. सोनोग्राफी, सीटी, पेट स्कॅन, छातीचे एक्स-रे आणि आरोग्य योजनेच्या मंजुरीसाठी खाटेवर बसवून काढलेले फोटो, यांतले एकही मी काढलेले नव्हते आणि बहुतेक मला वाचताही येत नव्हते. पुढे त्याच फिल्म मी गच्चीवरच्या उन्हात ठेवून कागदावर छापल्या, काही निळ्या रंगात आणि काही हळदीत; शिवाय कठड्याला डबा बांधून सूर्याचा काही महिन्यांचा प्रवास कागदावर उतरवला. हे कसे जमले, कोणाकोणाची परवानगी लागली, खर्च किती आला आणि मनाचे काय झाले, हे क्रमाने लिहून ठेवतो. औषधांविषयी जे येईल ते माझ्यापुरते समजावे. प्रत्येकाचा आजार आणि त्याचे डॉक्टर वेगळे असतात.

मी कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका छापखान्यात बरीच वर्षे प्लेट करण्याचे काम केले. फिल्मची पॉझिटिव्ह प्लेटवर बसवायची, व्हॅक्यूम फ्रेममध्ये दाबायची, प्रखर दिव्याखाली ठरावीक वेळ ठेवायची आणि धुऊन घ्यायची, हा माझा रोजचा दिवस होता. संगणकावरून थेट प्लेट निघू लागल्यावर ते काम संपले आणि मी हिशेबाच्या टेबलावर बसलो. पुढे जे केले त्यात कलावंताची ऐट नव्हती. हाताला जे काम माहीत होते तेच मी पुन्हा हाती घेतले.

२०२४ च्या जुलैमध्ये मानेच्या डाव्या बाजूला गाठ लागली. दुखत नव्हती, म्हणून पावसाळा संपेपर्यंत थांबण्याचा विचार होता, पण संध्याकाळचा बारीक ताप आणि रात्री बनियन पिळून काढावा इतका घाम सुरू झाल्यावर पत्नीने थांबू दिले नाही. सुईने काढलेल्या नमुन्यातून काही ठरले नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये पूर्ण गाठ काढून तपासणीला पाठवली. पहिल्या अहवालात संशय व्यक्त झाला आणि पेशींवरच्या सीडी ३० व सीडी १५ या खुणांच्या चाचण्यांचा दुसरा अहवाल आल्यावर नाव पक्के झाले. तोवर ऑगस्ट सरत आला होता. येथे एक सूचना करतो: बायोप्सीचे मेणाचे ब्लॉक आणि काचेच्या स्लाइड रुग्णाला मागता येतात. साधा अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि मूळ पावती एवढे पुरले. दुसरे मत घ्यायला मुंबईला टाटा रुग्णालयात जायचे असेल, तर तेथे हेच मागतात, म्हणून ते आधीच ताब्यात घ्यावेत.

शस्त्रक्रियेच्या सकाळी सर्जनने माझ्या मानेवर मार्करने खूण केली होती. ते ऐकून माझ्या मुलीने, जी पुण्यात नोकरी करते, मला जो स्पेन्स या ब्रिटिश छायाचित्रकर्तीविषयी सांगितले. १९८२ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाल्यावर, शस्त्रक्रियेआधी, या बाईंनी आपल्या स्तनावर ‘जो स्पेन्सची मालमत्ता?’ असे प्रश्नचिन्हासकट लिहून फोटो काढून घेतला होता. रुग्णालयात आपल्या शरीराचा मालक कोण, असे त्यांना विचारायचे होते. माझ्या मनात तेव्हा असे काहीही नव्हते. मला फक्त कागदपत्रे पुरी करायची होती.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेट स्कॅन झाला. त्याचे पंधरा हजारांच्या आसपास पैसे आम्हीच भरले. सहा तास उपाशी राहायचे, रक्तातली साखर तपासायची, मग किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेल्या साखरेचे इंजेक्शन घ्यायचे आणि सुमारे तासभर एका खोलीत बोलणे-चालणे बंद करून पडून राहायचे. घरी गेल्यावर काही तास लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्यापासून दूर राहायला सांगतात. त्या फ्लोरीनचा जोर दर ११० मिनिटांनी निम्मा होतो. त्या खोलीत पडल्या पडल्या माझ्या लक्षात आले, की एक्स-रेमध्ये किरण बाहेरून येऊन शरीरातून आरपार जातात, पण येथे किरण शरीरातूनच बाहेर पडणार आहेत आणि यंत्र ते फक्त टिपून घेणार आहे. आयुष्यभर दिव्याखाली प्लेट धरणाऱ्या माणसाला आपणच दिवा होण्याची ही गोष्ट भीती विसरायला तासभर पुरली.

उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाले. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड, आधार आणि बायोप्सीचा अहवाल दिला की प्रकरण ऑनलाइन मंजुरीला जाते. दोन्ही कार्डांवरचे नाव अक्षरशः जुळायला हवे, वडिलांच्या नावातला ‘राव’ एकीकडे असून दुसरीकडे नसला तरी प्रश्न येतो. दुरुस्ती दाखल होण्याआधीच करून घेतलेली बरी. प्रत्येक फेरीला पेशंटचा खाटेवरचा फोटो लागतो. आरोग्यमित्र मोबाइल धरून ‘काका, जरा इकडे बघा’ म्हणायचा आणि मी सवयीने केस सारखे करायचो, ते असेपर्यंत. ते सगळे फोटो आजही कुठल्या तरी सर्व्हरवर आहेत. मी आजारी आहे हे सिद्ध करण्यापलीकडे त्यांना काही काम नाही, आणि त्या कामात ते चोख आहेत.

केमोआधी हृदयासाठी टूडी एको आणि फुप्फुसांची चाचणी झाली, कारण ठरलेल्या चार औषधांपैकी एक हृदयाला आणि एक फुप्फुसाला त्रास देऊ शकते. मग छातीत कातडीखाली पोर्ट, म्हणजे औषध मोठ्या शिरेत सोडण्याची नळी जोडलेली छोटी डबी, बसवले आणि ते जागेवर बसले का हे पाहायला एक्स-रे काढला. नंतर जिच्यावर माझे सर्वाधिक ऊन खर्च झाले ती फिल्म हीच.

पहिला डोस सप्टेंबरच्या चौथ्या आठवड्यात झाला. दर पंधरा दिवसांनी एक, असे एकूण बारा ठरले होते. लाल रंगाचे अ‍ॅड्रियामायसिन सिस्टर स्वतः शेजारी बसून सावकाश देतात, मग ब्लिओमायसिन, मग व्हिनब्लास्टिन. शेवटची डकार्बाझिनची बाटली आली ती काळ्या पिशवीत गुंडाळूनच, आणि सिस्टरांनी बाटलीपासून छातीपर्यंतच्या नळीलाही चंदेरी फॉइल लपेटायला सुरुवात केली. मी कारण विचारले.

“उजेड लागला की हे औषध खराब होतं, काका. गुलाबी पडतं.”

छापखान्यात प्लेटच्या पाकिटात असाच काळा कागद असे आणि डार्करूमचे दार चुकून उघडणाऱ्याला आम्ही शिव्या घालत असू. उजेडाने बिघडणारी वस्तू कशी हाताळायची हे मला माहीत होते. चार तास त्या खुर्चीत बसून मी फॉइलचे टोक नळीवर कसे दुमडले आहे ते पाहत राहिलो, आणि घरी जाताना रिक्षात पत्नीला म्हणालो, की आपल्याकडच्या एक्स-रे फिल्म फेकू नकोस.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना सरळ विचारले. सायनोटाइप म्हणजे निळी छपाई. इमारतींचे जुने निळे नकाशे याच रीतीने निघत. सर जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ती शोधली आणि पुढच्याच वर्षापासून अ‍ॅना अ‍ॅटकिन्स यांनी समुद्री शैवाल थेट कागदावर ठेवून त्यांच्या आकृत्या छापल्या. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरीसायनाइड ही दोनच रसायने लागतात. डॉक्टरांनी अटी घातल्या: कोरडी पूड मी हाताळायची नाही, ती घरच्या दुसऱ्या कोणी मास्क लावून कालवायची, मी हातमोजे घालायचे, पांढऱ्या पेशींचा काउंट कमी असताना माती, कुजका पाला आणि ताजी फुले यांना हात लावायचा नाही, आणि डकार्बाझिन चालू असेपर्यंत कातडी उन्हाला नाजूक राहते, म्हणून स्वतः उन्हात बसायचे नाही. कागद उन्हात आणि मी जिन्याच्या दारात, अशी वाटणी ठरली.

रसायने शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळांना माल पुरवणाऱ्या दुकानातून आणली. ‘सायनाइड’ हा शब्द चिठ्ठीवर पाहून दुकानदार थबकला. आधारची प्रत घेऊन आणि वहीत ‘छपाईसाठी’ अशी नोंद करून त्याने माल दिला. फेरीसायनाइडमधले सायनाइड लोखंडाला घट्ट बांधलेले असते, त्यामुळे नेहमीच्या वापरात ते तितके विषारी नाही, मात्र ते तापवायचे नाही आणि तीव्र आम्लात मिसळायचे नाही. दोन्ही बाटल्या दीड हजारांच्या आत आल्या आणि वर्षभर पुरून उरल्या. तीनशे जीएसएमचा जलरंगाचा कागद, एक रुंद मऊ ब्रश आणि जुन्या फोटोफ्रेमची काच, एवढेच बाकीचे साहित्य.

त्याच आठवड्यात, रसायने कालवली जाण्याची वाट न पाहता, भाच्याने माझ्या सांगण्यावरून गच्चीच्या दक्षिणेकडील कठड्याला एक पत्र्याचा डबा घट्ट बांधला. डब्याला सुईचे भोक, आत एका बंद पडलेल्या स्टुडिओतून मिळालेला मुदत संपलेला कृष्णधवल फोटो पेपर, आणि वरून काळी टेप. महिनोन्‌महिने तो उघडायचा नाही. सूर्य रोज आकाशातून जाताना कागदावर एक रेघ ओढत जातो आणि डेव्हलपर या रसायनाशिवाय ती रेघ उमटते. याला सोलरग्राफी म्हणतात. ज्याला रोज काही करण्याचे त्राण नाही अशा माणसाला यापेक्षा सोयीची फोटोग्राफी नाही.

निळी छपाई मात्र दिवाळीत सुरू झाली, कारण मुलगी सुटीला आली तेव्हाच पूड कालवता आली. सायट्रेट १०० मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम, फेरीसायनाइड तितक्याच पाण्यात १० ग्रॅम. दोन्ही द्रावणे वेगळ्या काळ्या बाटल्यांत ठेवायची आणि वापरताना सम प्रमाणात मिसळायची. केमोसोबत उलटी थांबवायला डेक्सामेथासोन देतात, त्यामुळे डोसच्या रात्री झोप येत नाही. घर निजलेले असते आणि दोनच्या सुमारास डोक्यात मुलीचे लग्न, विम्याचा हप्ता, आपण नसलो तर गॅसचे बुकिंग कोणाच्या नंबरवरून होणार, असे काहीही येऊ लागते. त्या रात्री मी पिवळ्या झीरोच्या बल्बखाली कागदांना लेप देत बसायचो. एकदा आडवा, एकदा उभा हात, मग दोरीला चिमट्याने लावून वाळवायचे. व्हिनब्लास्टिनने बोटांची टोके बधिर झाली होती, ब्रश हातात आहे की नाही हे पाहूनच कळे, आणि लेपाच्या कडा वेड्यावाकड्या येत. त्या कडा मी कधी कापल्या नाहीत.

पोर्टचा एक्स-रे पहिल्यांदा छापला तो दिवस नीट आठवतो. फिल्मच्या कोपऱ्यातले नाव, वय आणि नोंदणी क्रमांक आधी काळ्या टेपने झाकले. कोणीही फिल्म छापणार असेल किंवा कोणाला दाखवणार असेल, तर हे विसरू नये. पिवळट हिरव्या कागदावर फिल्म, तिच्यावर काच, चार बाजूंनी क्लिपा. साध्या निगेटिव्हला कोल्हापूरच्या ऑक्टोबरच्या उन्हात दहा मिनिटे पुरतात. एक्स-रेच्या फिल्मला दुप्पट लागली. कडेचा कागद हिरव्यावरून राखाडी आणि मग मातकट करडा झाला की आत आणायचा. पहिल्या पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घातला, कारण ही निळाई आम्लात टिकते आणि क्षारात विरते. पाणी पिवळे होत गेले आणि खालून बरगड्या वर आल्या. फिल्मवर हाडे पांढरी दिसतात म्हणजे तेथे फिल्म पारदर्शक असते, ऊन तेथूनच आत शिरते; म्हणून कागदावर हाडे गर्द निळी आणि फुप्फुसांची पोकळी जवळजवळ कोरी आली. सगळ्यात गडद होते ते पोर्टचे कडे आणि तेथून गळ्याच्या बाजूने वळून हृदयाकडे उतरणारी बारीक नळी. कातडीवरून रोज चाचपडत होतो ती वस्तू अशी पहिल्यांदा पाहिली. मुलगी काही बोलली नाही; तिने ताटली हलवणे मात्र थांबवले नाही, कारण पाणी स्वच्छ होईपर्यंत ती हलवावी लागते.

नोव्हेंबरमध्ये काउंट घसरला, एक डोस आठवडाभर पुढे गेला आणि गर्दीत जायला बंदी आली. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव असतो. मावळतीचे किरण महाद्वारातून आत येऊन पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोहोचतात. दरवर्षी मी जातो, त्या वर्षी मोबाइलवर पाहिला. हाच सोहळा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला पुन्हा होतो, कारण २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला जाऊन परत फिरतो आणि तितक्याच दिवसांनी पुन्हा त्याच जागी मावळतो. गच्चीवरच्या डब्याचा हिशेबही हाच होता: नोव्हेंबरातली रेघ आणि फेब्रुवारीतली रेघ एकमेकींवर पडणार. म्हणून २१ डिसेंबरला भाच्याने पहिला डबा उतरवला आणि त्याच जागी दुसरा बांधला, नाहीतर उपचारांचा पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा ओळखू आला नसता.

दोन डोसच्या दोन फेऱ्यांनंतरच्या पेटमध्ये आजार दबल्याचे दिसले, तेव्हा फुप्फुसाला त्रास देऊ शकणारे ब्लिओमायसिन वगळले आणि बाकीची तीन औषधे चालू राहिली. केस तोवर गेले होते. पत्नीने उशीवरचे केस एका पाकिटात जपून ठेवले होते, हे मला ठाऊक नव्हते. तिने ते काढून दिले तेव्हा आम्ही दोघांनी मिळून एक झुबका लेप दिलेल्या कागदावर पसरला. फिल्म नाही, कॅमेरा नाही, केसांची सावलीच थेट उमटली, निळ्यावर पांढरे बारीक तंतू. गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि मनगटावरचा रुग्णालयाचा पट्टा यांचेही असेच छाप घेतले. सलाईनची वापरलेली नळी मात्र सिस्टरांनी दिली नाही आणि ते बरोबरच होते. केमोची नळी सायटोटॉक्सिक, म्हणजे पेशींना विषारी, कचऱ्यात जाते, ती घरी नेण्याची वस्तू नाही. मुदत संपलेला, न वापरलेला एक सेट त्यांनी शोधून दिला.

डे केअरमध्ये, म्हणजे केमो देतात त्या विभागात, मोबाइलने फोटो काढायचे असतील तर लेखी परवानगी लागते. मी वैद्यकीय अधीक्षकांच्या नावे अर्ज केला. उत्तर यायला तीन आठवडे गेले आणि दुसऱ्या रुग्णाचा किंवा कर्मचाऱ्याचा चेहरा नको, स्क्रीनवरचे नाव नको, अशा अटी आल्या. नंतर कळले की मला त्या फोटोंची फारशी गरजच नव्हती. शेजारच्या खुर्चीवर राधानगरीकडचे एक आबा असत, सत्तरीचे, फुप्फुसाचा आजार झालेले. मी दाखवलेला निळा कागद त्यांनी लांब धरून, जवळ धरून पाहिला.

“पावणं, माझा बी काढा की एक,” ते म्हणाले. “पोरगं म्हणतंय फिल्म घरात नको, अशुभ दिसतंय. हे चालंल त्याला.”

मुलाने साध्या कागदावर संमती लिहून दिली आणि मी त्यांचा छातीचा एक्स-रे छापून आणला. आबांनी बोटाने बरगड्या मोजल्या. “बरगड्या तर बेस दिसत्यात. आत एवढं बिघडलंय म्हणून कुणाला पटंल?” खरेच पटले नसते. त्यांचा आजार फिल्मवर जेथे पांढरट डाग होता, तेथे कागदावर निळ्याचा एक मऊ ढग आला होता आणि तो पाहायला वाईट नव्हता. मला त्याचा थोडा संकोच वाटला, तो अजून वाटतो. दुखणे सुंदर करून दाखवण्याचा हक्क ज्याचे दुखणे त्यालाच असावा असे माझे मत आहे. आबांनी स्वतः मागितले म्हणून मी छापले, नाहीतर दुसऱ्याच्या फिल्मला हात लावला नसता.

आबा फेब्रुवारीत गेले. एप्रिलमध्ये त्यांच्या मुलाचा फोन आला, की दाराच्या समोरच्या भिंतीवर लावलेले आबांचे चित्र फिकट पडले आहे, दुसरे मिळेल का. मी त्याला ते उतरवून काही दिवस कपाटात ठेवायला सांगितले. सततच्या उन्हाने ही निळाई फिकट रूपात जाते, पण अंधारात हवेतल्या ऑक्सिजनने बऱ्याच अंशी परत येते. पंधरवड्याने त्याने मोबाइलवर फोटो पाठवला. रंग आला होता.

हळदीचे काम जानेवारीत सुरू केले होते. हर्शेल यांनी निळ्या छपाईबरोबरच फुलापानांच्या रसांवरही प्रयोग केले होते. फुले मला वर्ज्य होती, हळद मात्र चालत होती. सांगलीची हळद सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवून, फडक्याने गाळून, कागदाला दोन हात द्यायचे. ऊन लागते तेथली हळद उडून जाते, सावलीतली राहते. म्हणून येथे फिल्म उलटी होत नाही: हाडे फिकी आणि भोवताल पिवळा, म्हणजे डॉक्टरांच्या लाइटबॉक्सवर दिसते तसेच. शेवटी टाकणखाराच्या पाण्यातून काढला की पिवळ्याचा विटकरी होतो; टाकणखार किराणा दुकानात किंवा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, कॅरमची बोरिक पावडर घेऊ नये, आणि तो मुलांच्या हाती लागू देऊ नये. मात्र हे चित्र पक्के करता येत नाही. त्यासाठी फोटो पक्का करणाऱ्या हायपोसारखे कोणतेही रसायन नाही. पाहायला उजेडात काढले की तेवढे ते कमी होते.

मानेच्या गाठीचा पहिला सीटी मी निदानाच्या दिवसानंतर कधी उघडला नव्हता. तोच हळदीत छापला, अगदी गाठ दिसते ती चौकट, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीला आतून चिकटवला. टाकणखारात मुद्दाम घातला नाही, म्हणजे लवकर उडावा. रोज सकाळी चहा घेताना तो किती फिका झाला हे पाहण्यासाठी मी त्याच्याकडे पाहू लागलो, आणि जी गोष्ट पाहण्याचे टाळत होतो ती बदलत असल्यामुळे पाहता येऊ लागली. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, पत्नीने खिडकी पुसायला घेतली तेव्हा तेथे नुसता पिवळसर कागद होता. मूळ फिल्म कपाटात तशीच स्पष्ट आहे. यातून मी आजारावर मात केली वगैरे म्हणणार नाही. औषधांनी केले ते औषधांनी केले. भीतीही गेली नाही, फक्त दिवसाच्या एका ठरावीक वेळेला आली की ओळखीची वाटू लागली.

शेवटचा डोस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात झाला. त्याच दिवशी दुसरा डबा उतरवला. सोलरग्राफचा कागद फिक्सरमध्ये घालत नाहीत, त्याने चित्र उतरते. अंधुक प्रकाशात काढून एकदाच स्कॅन करायचा, आणि स्कॅनरचा उजेडही त्याला थोडा खातोच. मुलीने संगणकावर रंग उलटे केले. पहिल्या कागदावर कमानी वरून खाली उतरत गेलेल्या, सुरुवातीला परतीच्या पावसाच्या ढगांनी तुटलेल्या, नंतर सलग. दुसऱ्यावर खालून वर चढलेल्या. खाली समोरच्या इमारतीची टाकी आणि नारळाचे झाड. मी कॅलेंडर घेऊन डोसचे दिवस शोधायचा प्रयत्न केला, ते काही सापडत नाहीत. आदल्या आणि दुसऱ्या दिवसाच्या रेघा इतक्या जवळ आहेत की डोसचा दिवस त्यांच्यातून वेगळा काढता येत नाही.

एप्रिलच्या पेटमध्ये आजार दिसला नाही. त्यानंतर मी डे केअरच्या कॉरिडॉरमध्ये काही छाप लावण्यासाठी रुग्णालयाला अर्ज दिला. त्या भिंतीवर सूर्योदयाची दोन पोस्टर होती आणि त्यांखाली धीर देणारी वाक्ये. बारा वेळा त्यांच्यासमोर बसल्यावर माझे त्यांच्याविषयीचे मत चांगले राहिले नव्हते. अर्ज अधीक्षकांकडून संसर्ग नियंत्रण समितीकडे गेला आणि पावसाळाभर तेथेच राहिला. समितीच्या अटी वाजवी होत्या: कापड किंवा उघडा कागद नको, चारी बाजूंनी बंद अ‍ॅक्रिलिकची चौकट, खिळ्याऐवजी स्क्रू, कोणाचे नाव नाही, आणि कोणत्याही रुग्णाने आक्षेप घेतल्यास लगेच उतरवणे. चौकटींना सात हजारांच्या पुढे खर्च आला, एकूण खर्चातला सर्वांत मोठा. कडा सिलिकॉनने बंद करून घेतल्या, कारण पुसायला वापरतात ते हायपोक्लोराइट क्षारधर्मी असते आणि आत झिरपले तर निळे राहणार नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये छाप लागले. पहिल्याच आठवड्यात एका ताईंनी सिस्टरांकडे सांगितले, की केसांचे चित्र खुर्चीसमोर नको. त्यांची पहिली फेरी होती, केस अजून होते. ते त्याच दिवशी काढून बिलिंगच्या बाजूला लावले. पोर्टच्या एक्स-रेविषयी मात्र उलटे झाले. पोर्ट बसवायला घाबरणाऱ्यांना सिस्टर आता तेथे नेऊन नळी कोठून कोठे जाते ते दाखवतात. हळदीचे एकही लावले नाही, कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटमध्येही ते टिकले नसते. सूर्योदयाची पोस्टर अजून आहेत.

सध्या दर तीन महिन्यांनी तपासणी असते. कोणी हे करणार असेल तर एकच गोष्ट वेळेत सांगून ठेवतो: आता बऱ्याच ठिकाणी फिल्म देत नाहीत, सीडी किंवा मोबाइलवर लिंक देतात. फिल्म हवी असेल तर बिल करतानाच काउंटरवर सांगावे लागते आणि तिचे वेगळे पैसे पडतात. यंत्रावरून उतरल्यावर मागितली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे लागते. लिंकच मिळाली असेल तर झेरॉक्सच्या दुकानात पारदर्शक शीटवर लेझर प्रिंट काढून घ्यावी. तिचा काळा रंग फिल्मइतका दाट नसतो, तेव्हा दोन शीट एकावर एक बरोबर बसवून टेपने जोडाव्यात आणि ऊन थोडे कमी द्यावे.